बँकेत नाही, मी गेम बनवते

दादांनी माझी बॅग सीटखाली सरकवली आणि घंटीची दोरी ओढली. माझे वडील एसटीत कंडक्टर, आणि मी घर सोडलं त्या दिवशी सोनपेठ-परभणी गाडीवर नेमकी त्यांचीच ड्युटी. त्यामुळे निरोपबिरोप काही नाही. तिकिटं देता देता ते माझ्यापर्यंत आले तेव्हा शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कंडक्टरसाहेब, लेकीला कुठं धाडायलाव?"

दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुण्याला. बँकेच्या परीक्षेचा क्लास लावलाय."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी चालले होते व्हिडिओ गेम बनवायला शिकायला, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यावरून घरात इतकी भांडणं झाली होती की शेवटी मायनं जेवण सोडलं, तेव्हा कुठं ते तयार झाले. परभणीला उतरल्यावर मी विचारलंच, "खोटं का सांगितलं?"

"गेम म्हणलं की गावाला एकच गेम माहीत हाय," ते म्हणाले. "उगं तोंड उघडू नको." आणि परत गाडीत चढले.

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मी रागातसुद्धा मान्य करते. आमच्याकडे गेम म्हणजे मोबाईलवर पैसे लावून खेळायची रमी. आमच्या शेताला लागून शांताकाकूंचं शेत. त्यांच्या बाळूनं त्या नादापायी विहिरीवरची मोटार विकली, गाडी विकली, आणि पुढं काकूंच्या कानातलंही गेलं. पण म्हणून माझ्या कामाला नावच असू नये? डॉक्टरला कुणी विष विकणारा म्हणतं का?

आता पुण्याचं ऐका, कारण परभणी, मानवत, झरीची पोरं-पोरी मला सारखे मेसेज करतात, "ताई, गेमिंगमध्ये यायचंय, कुठला क्लास लावू?" बाबांनो, मला क्लास शब्द ऐकला तरी संताप येतो. आमच्या क्लासात चकाचक एसी होता, भिंतीवर राक्षसांची चित्रं होती. शिकवलं काय, तर कुठलं बटण दाबलं की काय होतं. खेळ कसा रचायचा, खेळणाऱ्याला कंटाळा कधी येतो, राग कधी येतो, तो हरला तरी परत का खेळतो, यावर एक अक्षर नाही. शेवटी सगळ्यांकडून एकच काम करून घेतलं, मशाली लावलेला एक विलायती किल्ला. मी तो किल्ला घेऊन मुलाखतीला गेले तर समोरच्या बाईंनी स्क्रीन बघून सुस्कारा सोडला. "हा किल्ला मी या आठवड्यात कितीदा बघितलाय, तुम्हाला सांगता येणार नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. धारूरचा किल्लासुद्धा धड न बघितलेली पोरगी मी, आणि कुठल्या परक्या राजाचे बुरूज दाखवत हिंडत होते!

आणि प्लेसमेंट म्हणून क्लासनं फोन कुणाचा आणून दिला? रमीच्या ॲपवाल्यांचा. चित्रं हवी होती त्यांना, पत्ते उधळणाऱ्या हसऱ्या बायांची. मी नाही म्हटलं. क्लासचे सर म्हणाले, "काम हे काम असतं." मी म्हटलं, "मग तुमच्या लेकाच्या मोबाईलवर टाकून द्या की ते." त्यानंतर त्यांनी मला एकाही कंपनीचं नाव कळवलं नाही. गेले खड्ड्यात.

नोकरी लागली ती टेस्टरची. दिवसभर खेळातल्या माणसाला भिंतीवर आपटायचं, तो कुठं अडकतो, कुठं जमिनीतून खाली पडतो ते नीट लिहून द्यायचं. तिथं नाक मुरडू नका. क्लासात कळलं नाही ते मला त्या भिंतींनी शिकवलं. आणि सुट्टीच्या दिवशी, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, मी माझा पहिला गेम बनवला. छोटा, पण पूर्ण. पूर्ण करा रे, अर्धवट दहा ठेवू नका, एवढं तरी माझं ऐका.

माझा गेम येळवशीचा होता. बाहेरच्यांसाठी सांगते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडची माणसं शेतात जेवतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करायची, मग पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली आंबील. बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची, ओळखीचा असो नसो. नाही म्हणायची सोय नाही, हाताला धरून बसवतात. माझ्या खेळात एका पोरीला आपल्या शेतात पोचायचं असतं आणि वाटेतल्या प्रत्येक शेतातली बाई तिला ओढून जेवायला घालते. पोट भरलं की ती झाडाखाली आडवी होते, तुम्ही हरलात. लोक पोट धरून हसले. तो बघून पुण्यातल्या एका स्टुडिओनं मला बोलावलं, आणि आज मी तिथं खेळाचे टप्पे रचते. किल्ल्यानं नाही, आंबिलीनं नोकरी दिली मला.

घरी फोन केला. माय रडली. दादा म्हणाले, "लय बरं झालं. पण हिकडं बँकच ऱ्हाऊ दे."

राहू दिली. वर्षानुवर्षं राहू दिली. मग आमच्या भावकीतलाच एक जण मानवतला खरोखरच्या बँकेत लागला आणि त्यानं दादांना चारचौघांत विचारलं, पोरगी कोणत्या बँकेत, कोणत्या शाखेत? दादा गडबडले. झालं! गेमवरून झालेली आमची भांडणं शेजाऱ्यांनी ऐकलेली होतीच, गावानं काढायचा तोच अर्थ काढला. लपवतात म्हणजे पोरगी तसलंच करते, रमीच बनवते.

हे मला कुणी कळवलं नव्हतं. मी गेल्या येळवशीला गेले आणि हौसेनं एकटीच बांधाबांधानं आमच्या शेताकडं निघाले. पहिल्या शेतात माणसं जेवत होती. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दुसऱ्यातही तेच. कर्जवसुलीला आलेली बँकेची जीप थांबवून साहेबाला आंबील पाजणारी माणसं ही! मला कुणी हाक मारली नाही. डोकंच फिरलं माझं. शांताकाकूंच्या कोपीशी पोचले तेव्हा मी चपला काढल्या, पंगतीत बसले आणि म्हटलं, "काकू, मला वाढा."

काकू पळी हातात धरून उभ्याच. "कोणत्या तोंडानं वाढू माय? तुमच्या त्या खेळानं माझं लेकरू खाल्लं."

"मी तो खेळ नाही बनवत! त्यांची नोकरी चालून आली होती, लाथ मारली मी तिला!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या आमच्या शेतातून माय आणि दादा पळत आले. मी तशीच दादांवर घसरले. "सांगा आता. सगळ्यांदेखत सांगा, काय करते मी?"

दादा खाली बघत म्हणाले, "गेम बनवती."

"कसला?"

"ते मला न्हाई ठाऊक," ते म्हणाले. "मी कवा बघितलाच न्हाई."

एवढी वर्षं! आपली पोरगी काय करते हे झाकायला वेळ होता, बघायला नव्हता. मी मोबाईल काढून काकूंच्या हातात दिला. स्क्रीनवरची बाई पोरीचा हात ओढत होती. काकूंनी डोळे बारीक करून बघितलं. "सोडत का न्हाई हिला?"

"येळवस हाय ना, काकू."

काकूंनी मोबाईल दादांकडे दिला, पळीभर भज्जी माझ्या ताटात घातली आणि म्हणाल्या, "जेव. पर माझा जीव जळायलाय, एवढं ध्यानात ठेव."

"माझापण जळायलाय," मी म्हटलं आणि जेवले. दादा तिथंच उकिडवे बसून खेळत होते. दुसऱ्याच शेतात त्यांची पोरगी आडवी झाली. "न्हाई म्हणायचं बटण कुठंय गं?" त्यांनी विचारलं. मी काकूंपुढं ताट सरकवलं आणि अजून एक उंडा मागितला.

तुम्ही जे गावी आहात आणि जे आमच्यासारखे बाहेर गेलात, त्या दोघांनाही सांगते. पुण्यात माझा फ्लॅट आहे, ऑफिस आहे, तिथं कुणी मला चुकीचं समजलं तर मी खांदे उडवते आणि कॉफी आणायला जाते. तिथं कुणाच्या दारात बसून वाढा म्हणायचा हक्क माझा नाही. गावात आहे. दादांवरचा राग गेलेला नाही, गावावरचाही नाही, आणि तो मी पुण्यात बसून गिळणार नाही. यंदाही येळवशीला बांधावरूनच जाणार. कुणी हाक मारली तर बरं, नाही मारली तर पहिल्याच शेतात ताट ओढून बसणार.