सामोशांची सभा

कॉम्रेड विठ्ठलभाऊ गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी चंद्रपुरातल्या त्यांच्या खोलीकडेच निघालो होतो. अर्धवट राहिलेले भांडण पुरे करायला... ते राहूनच गेले. आता महिन्याभराने शोकसभेतल्या वक्त्यांशी भांडणे भाग आहे. एका प्राध्यापकांनी गहिवरून सांगितले की, भाऊंनी अखेरीस साम्यवाद सोडला. मोबाइलवरून सामोसे मागवत ते बाजाराला शरण गेले. साफ खोटे! भाऊंना मधुमेह होता. ते सामोसे मी खाल्ले आहेत.

घरपोच खाणे पोचवणाऱ्यांची भाऊंना सभा घ्यायची होती. कारखान्याला फाटक असते, तिथे कामगार भेटतात. हे भेटणार कुठे? म्हणून भाऊंनी शेजाऱ्यांच्या दहा मोबाइलवरून एकाच वेळी एकेक सामोसा मागवला. दहा जण दारात हजर! सतरंजी अंथरलेलीच होती. "बसा. पाच मिनिटं द्या मले." मी टोमणा मारला, "भाऊ, यांची कंपनी सातासमुद्रापार. तिला तुमची सतरंजी दिसणार कशी?"

"कंपनी कुठी राहते, मले माहीत नाई. आपन त इथीच राहतो ना? तू सामोसा खा."

तिसऱ्या सभेला नागभीडकडची धानशेती सोडून आलेला मारोती पायीच आला. टायर फुटून उशीर झाला, एवढ्यावरून कंपनीने त्याचे खाते बंद केले होते. "घरी सांगतलं नाई, भाऊ. दाद कोनाले मागू? फोन एकच छापील उत्तर देते."

भाऊंनी विचारले, "तुह्या गावी एखाद्याची रोवणी मागं पडली त काय करता?"

"इर्जिक. सारं गाव त्याच्या धानाच्या बांधीत उतरते."

"मंग इथी काऊन नाई?"

त्या रविवारी, ऐन गर्दीच्या संध्याकाळी, शहरभरच्या साऱ्या पोचवणाऱ्यांनी आपापले फोन बंद केले. हॉटेलांच्या काउंटरवर खाण्याच्या पुड्यांचे ढीग साचले. शेवटी हॉटेलवाल्यांनीच कंपनीला धारेवर धरले आणि जेवणवेळेच्या आत तिने मारोतीचे खाते पुन्हा उघडले. भाऊ इतके हसले की कवळी हातात धरावी लागली!

आमचे भांडण एवढेच, की मी म्हणे, जिंकली ती इर्जिक, साम्यवाद नव्हे. ते म्हणत, "नाव काईबी दे, बांधीत उतरल्याशी मतलब." आज प्रांजळपणे लिहितो, मी हरलो. प्राध्यापकमहाशयांनीही हरावे.

परवा भाऊंच्या त्या खोलीत बसून मी एकच सामोसा मागवला. योगायोगाने मारोतीच आला. त्याने खुंटीवरची सतरंजी काढली, झटकून अंथरली आणि विचारले, "काकाजी, बाकीचे येऊन राह्यले का?"

मी उठलो आणि शेजाऱ्यांकडे उरलेले नऊ मोबाइल मागायला निघालो.