सेडान देऊन घेतलेलं धूड

मोपाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, विमानतळ झाला आणि आमच्या पेडण्यातल्या पुरुषांना उंच गाड्यांचं वेड लागलं. पार्सेतल्या आमच्या वाड्यावर दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. त्या वाटेवर ही माणसं ट्रकाएवढी पांढरी गाडी घालतात आणि मग आरसे मिटून, श्वास रोखून घरापर्यंत पोचतात. पोचल्यावर असं उतरतात की जणू हिमालय ओलांडून आलेत. गेलेले असतात म्हापशाच्या बाजारात, बांगडे आणायला.

माझ्या धाकट्या दिराने आपल्या वाटणीची काजूची बाग दिल्लीच्या कुणा माणसाला विकली आणि तसलीच एक गाडी घेतली. आमची वाटणी अजून शाबूत आहे, त्यात आमचं काही कर्तृत्व नाही. ती उतारावर आहे आणि तिला कोणी विचारत नाही.

गणेशचवथीला सगळं घर जमलं तेव्हा दिराने अंगणात आपली गाडी आणि माझी सेडान शेजारी शेजारी बघितली आणि मोठ्याने म्हणाला, "वयनी, अजून किती दिस ह्या पेटयेतसून फिरतलंस?"

सगळे हसले. माझा नवरा सगळ्यांत जोरात हसला. त्याच पेटीत बसून तो पंचवीस वर्षांचा संसार फिरलाय, हे त्याच्या लक्षात नव्हतं. खरं तर ही दुसरी पेटी. पहिली याहून लहान होती. दोन्ही मीच चालवल्या. नवऱ्याने तरुणपणी एकदा मित्राची गाडी माडावर नेऊन घातली होती. तेव्हापासून तो शेजारच्या सीटवर बसतो आणि "ब्रेक, ब्रेक" म्हणत पाय दाबतो.

गाडी मला लागते ती कामासाठी. डिचोलीच्या शाळेत मी मराठी शिकवते. रोज जाऊन येऊन डोंगर, पूल, खड्डे सगळं माझ्या वाट्याला येतं. त्या पावसात आमच्या वाड्याची वाट पाइपलाइनीसाठी खणली होती आणि ठेकेदाराने माती नुसती वर लोटून ठेवली होती. सेडान खाली घासायची. एकदा तर खालून असा आवाज आला की मी गाडी तिथेच थांबवून छत्री घेऊन वाकून बघत बसले आणि दिराची गाडी मागून येऊन, भोंगा वाजवून, माझ्या साडीवर चिखल उडवून पुढे गेली. त्या दिवशी मलाही वाटलं की गाडी जरा उंच असती तर बरं झालं असतं. ते मी घरी बोलून दाखवलं, आणि नवऱ्याने ते पकडलं.

"मी तेच म्हणतोय," तो म्हणाला. आधी तो काहीच म्हणालेला नव्हता. "नवी कशाला? वापरलेली घेऊ. आपली सेडान द्यायची, वर थोडं घालायचं. पाळी गावात एकाची आहे. मी बोलून ठेवलंय."

म्हणजे बोलणी माझ्या मागे होऊन गेली होती. आणि हा माणूस स्वतः चालवणार नव्हता. त्याला फक्त उंचावर बसायचं होतं.

चवथ संपल्यावर एका रविवारी आम्ही पाळीला गेलो. गाडीचा मालक खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचे ट्रक चालवून घ्यायचा. त्याला गावात अजून पात्रांव म्हणतात, म्हणजे मालक, शेठ. ट्रक गेले, खाण थांबली, पात्रांव हे नाव मात्र त्याने सोडलं नाही. घरासमोर शेडमध्ये ती एसयूव्ही उभी होती, धुऊन, पुसून, चाकांना काळं लावून. तो अंगठ्या घातलेल्या हाताने बॉनेटवर थोपटत म्हणाला, "वाघ आसा, वाघ."

मी पायाखालची मॅट उचलली. खाली खाणीची लाल धूळ घट्ट बसली होती.

"क्लच बदललाय का?" मी विचारलं.

तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "क्लच एकदम बरो आसा, सायबानू."

"टायर कधीचे?"

"टायर नवे," पुन्हा नवऱ्याकडे बघून.

माझा नवरा जाणकारासारखी मान हलवत होता. त्याला क्लच कुठल्या पायाखाली असतो हे सांगता आलं नसतं. पात्रांवाने किल्ली त्याच्या हातात ठेवली. "चलवून पळयात." नवऱ्याने ती किल्ली, गरम बटाटा हातात आल्यासारखी, माझ्याकडे दिली.

"हीच चालवते," तो पुटपुटला.

पात्रांव हसला. मग मी खरंच चढून बसले तेव्हा हसू आवरून घाईघाईने शेजारी येऊन बसला आणि सबंध वेळ एक हात हँडब्रेकपाशी ठेवून राहिला. "सावकाश, बाय. ही बायलांची गाडी न्हय. जड आसा."

जड होती खरीच. वळणावर सगळं अंग एका बाजूला टाकायची. बॉनेट एवढं रुंद की पुढचं कुत्रं दिसेनासं झालं आणि ते कुठून बाहेर येतंय ह्याची मी वाट बघत बसले. पण खाणीकडे जाणाऱ्या उखडलेल्या रस्त्यावर ती सरसर चढली, खाली काही लागलं नाही, हे मला मान्य करावंच लागलं. वर वळवायला जागा कमी होती. पात्रांव म्हणाला, "उतरा, हांव घुंवडायतां." मी न उतरता गाडी वळवली. मागच्या सीटवरून नवरा "ब्रेक, ब्रेक" म्हणाला, सवयीने.

परत आलो तर पात्रांवाची बायको चहा घेऊन दारात उभी होती. पन्नाशीची, अंगावर दागिने, केसांत फूल. पुरुष सोप्यावर बसून टायरविषयी बोलू लागले. तिने माझ्या हातात कप दिला आणि अंगणात उभ्या सेडानकडे बघत हळूच विचारलं, "पेडण्यासून हंय तूच चलवून हाडली?"

"मीच. ह्यांना येत नाही."

ती जराशी हसली. मग म्हणाली, "माका येता."

ती डिचोलीला क्लास लावून गाडी शिकली होती. चाचणीला पहिल्याच फटक्यात पास झाली होती. नवऱ्याने शिकू दिलं, कारण तेव्हा सगळ्यांच्या बायका शिकत होत्या. लायसन हातात आल्यावर मात्र म्हणाला, हे ओळखपत्र म्हणून बरं आहे. त्या लायसनाचा वापर तिने आजवर एकदाच केला होता, तिरुपतीला जाताना विमानतळावर दाखवायला.

"आणि ही?" मी शेडकडे बोट केलं.

"हिका हात लावूंक दिना. म्हणटा, मोडशी." तिने पदराने हात पुसले. "ही तुमची हलकी आसा?"

मी किल्ली काढून तिला दिली.

तिने आत पुरुषांकडे एकदा बघितलं, मग चपला सोडून अनवाणीच गाडीत बसली. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा सुरू झाली आणि आम्ही फाटकाबाहेर निघालो. देवळापर्यंत गेलो, तिथून वळसा घातला. वाटेत तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती, पण समोरून बस आली तेव्हा तिने गाडी नीट कडेला घेतली, इतकी नीट की मला काही सांगावं लागलं नाही. देवळापाशी तिने गाडी थांबवली आणि खिडकीतूनच देवाला हात जोडले. "बरी चलता गो," म्हणाली. देवाला की मला, कोण जाणे.

फाटकात पात्रांव उभा होता. मागे माझा नवरा. दोघांचे चेहरे असे की जणू आम्ही घरातलं सोनं घेऊन पळालो होतो.

"पेट्रोल फुकट वता," पात्रांव बायकोला म्हणाला. माझ्यासमोर यापेक्षा जास्त बोलवेना.

ती खाली उतरली, चपला शोधल्या आणि आत गेली.

मग व्यवहाराची बोलणी झाली. सेडान त्याने घ्यायची, एसयूव्ही आम्ही. दोघांचं आधीच ठरलं होतं, माझ्यासमोर नुसती उजळणी चालली होती. हात मिळवायची वेळ आली तेव्हा नवऱ्याने मला सांगितलं, "तुझी सही लागेल. गाडी तुझ्या नावावर आहे ना." जणू ती एक बारीकशी अडचण होती.

"देते," मी म्हटलं. "पण मी ती ह्यांच्या बायकोच्या नावावर करून देईन. ह्यांच्या नाही."

पात्रांवाने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "घरची गाडी ती. नाव कोणाचंय आसूं."

"कोणाचंही असू दे म्हणता, तर त्यांचंच असू दे."

"लोक कितें म्हणटले? पात्रांवान बायलेच्या नांवार गाडी घेतली?"

"तेच म्हणतील."

त्याने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माडाकडे बघितलं. पात्रांवाने शेवटी अंगठ्यांचा हात खिशात घातला आणि म्हणाला की त्याला तशी विकायची घाई नाही, वाघ काही खायला मागत नाही. विकायला निघालेला वाघ शेडमध्ये कुजला तरी चालेल, पण कागदावर बायकोचं नाव नको! असल्या माणसाशी आणखी बोलण्यात अर्थ नव्हता. आम्ही निघालो. आतल्या खिडकीतून ती बघत होती. मला तिचा निरोप घ्यायचा होता, पण तिच्या नवऱ्यासमोर तिला आणखी अडचणीत टाकावंसं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर माझा नवरा साखळी शहर येईपर्यंत नुसतं "ब्रेक, ब्रेक" करत होता. मग म्हणाला, "तुला काय करायचंय त्यांच्या घरात? लोकांच्या बायका सुधारायला निघालीस." घरी जाऊन त्याने दिराला फोन केला आणि दोघांनी मिळून माझ्या स्वभावाविषयी बराच वेळ चर्चा केली. मी पेजेला फोडणीचं लोणचं काढलं आणि ऐकत बसले. दोन भावांचं आयुष्यात इतकं एकमत मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. वाटणीच्या वेळी तर नक्कीच नाही.

मला वाटलं, विषय संपला. वाट पुन्हा नीट झाली नव्हती, सेडान घासत होती, मी चालवत होते.

दिवाळीच्या आधी पात्रांवाचा फोन आला, नवऱ्याला. "आसूं दे, तिच्या नांवार करता." आवाज म्हणे पडलेला होता. नवरा छाती फुगवून माझ्याकडे आला. "बघ, मी सांगत नव्हतो? धीर धरला की सगळं होतं." त्याने धरलेला धीर मी पाहिला होता, रोज जेवताना तोंड वाकडं करून धरलेला.

खरं काय झालं ते मला तिच्याकडून कळलं, कागद करायला डिचोलीला भेटलो तेव्हा. पुरुष आत रांगेत उभे होते, आम्ही दोघी बाहेर. आम्ही गेल्यापासून ती भांडली नव्हती, रुसली नव्हती. फक्त बाजाराला, देवळाला, बहिणीकडे, कुठेही जायचं झालं की पिशवी घेऊन पाळीच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहायची. नवरा म्हणाला, मी सोडतो, तर म्हणायची, वाघाला कशाला त्रास. थांब्यावर त्याचे जुने ड्रायव्हर, हमाल, गाववाले सगळे बसलेले असत. सगळे उठून तिला जागा देत आणि विचारत, "बाय, पात्रांवाली गाडी खंय गेली? विकली? आता बशीन वता?" ती म्हणायची, "कितें करतली, बाबा." एवढंच. पण ते ऐकून लोक पात्रांवाला धीर द्यायला घरी येऊ लागले. एकाने तर त्यालाच आपल्याकडे कामाला येतो का म्हणून विचारलं.

"ताणें म्हयनोभर सोसलें," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसली.

तर ते धूड आता माझ्याकडे आहे. त्याच्याविषयी मला काही प्रेम वाटत नाही. डिचोलीच्या बाजारात ते कुठे उभं करावं हा रोजचा प्रश्न आहे. डिझेल पिण्यात ते घरातल्या पुरुषांनाही मागे टाकतं. चढउतार करताना माझा गुडघा बोलतो. नवरा मात्र वर बसून गावातल्या कुंपणांपलीकडे कोणाच्या अंगणात काय वाळत घातलंय ते बघतो आणि मला सांगतो. दिराने एकदा आमच्या गाडीला फेरी मारून "आता शोभता" असं प्रमाणपत्र दिलं. त्यावर दोन्ही भावांनी समाधानाने एकमेकांकडे बघितलं. खाली लागत नाही, एवढं एक सुख आहे, आणि मला तेवढंच हवं होतं.

काजूच्या दिवसांत ती एका दुपारी पार्सेला आली, एकटीच, सेडान घेऊन. वाड्यावरचे रिकामे लोक गाडीला वाट देण्याच्या निमित्ताने कोण चालवतंय ते बघायला आले. तिने सगळ्यांकडे बघून मान हलवली आणि गाडी आमच्या अंगणात आणली. तिच्या मागोमाग मी शाळेतून आले आणि माझं धूड बाहेर वाटेतच लावलं. मी तिला ओल्या काजूंची उसळ वाढली.

जेवताना म्हणाली, "माका सांगूंक जाय एक गजाल. तो पाळीत सगळ्यांक सांगत भोंवता की बायलेक वाडदिसाक गाडी घेवन दिली."

"वाढदिवसाची भेट! आणि तू काय सांगतेस?"

"कितें सांगूं? सांगूं दे. त्याका तितलेंच रावलां." तिने उसळीत पावाचा उंडो बुडवला. "माका घरा पावपाक उशीर जातलो. तुजी ती म्हस काड गो वाटेरसून."

मी धुडाची किल्ली घेऊन उठले.