रिकामा डबा परत द्यायचा नाही

“सुमनताई, त्या पिशवीत काय आहे?”

“कांदे, मॅडम. थोड्या शेवग्याच्या शेंगा. लिंबं.”

“कुणी दिलं हे?”

“म्हाताऱ्यांनीच. रिकामा डबा परत कसा देतील?”

“सबबी मला सांगू नका.”

पकडलीच, म्हटलं. देवळा तालुक्यातल्या त्या गावात सुमनताई आणि चार बायका एकट्या राहणाऱ्या बावीस म्हाताऱ्यांना रोज जेवणाचा डबा पोचवायच्या. बहुतेकांची मुलं नाशिक-पुण्याला. शिधा आमच्या कंपनीचा. नफ्यातला काही वाटा कंपनीनं समाजासाठी खर्चायचा, त्याला सीएसआर म्हणतात. तो खरंच पोचतो का, हे बघायची माझी नोकरी. एकच व्हीलचेअर तीन संस्थांच्या फोटोंत पाहिलेली बाई मी! माझा कुणावरच विश्वास बसायचा नाही.

साहेबांना फोन केला. ते उखडले. “लाभार्थ्यांकडून वस्तू घेतात? हा तर मोबदला झाला! बंद करा, नाहीतर प्रोजेक्ट बंद.”

मी घरोघर निरोप द्यायला लावला, डबा रिकामाच परत करायचा.

आठ दिवसांनी डब्यांच्या नोंदीच्या अ‍ॅपवर बघते तर नऊ डब्यांपुढे ‘नाकारला’. कांदे थांबले तसे या बायकांनी डबेही थांबवले म्हणायचे! नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. न कळवता गेले.

पहिलंच घर अंजनाबाईंचं. डबा उंबऱ्यावर, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. आत आजी कोऱ्या चहात शिळी भाकरी बुडवून खात होत्या.

“आजी, डबा का घेत नाही? चांगला नसतो का?”

“लय चांगला असतो.”

“मग?”

“रिकामा मागं धाडायचा म्हणं. कुणाच्या घरचं भांडं मी कधी रिकामं धाडलं नाय. आता म्हातारपणी भिकारीण करती का मला?”

आठ दिवस ही बाई माझ्यामुळे अर्धपोटी राहिली होती. स्वतःचाच भयंकर राग आला.

अंगणातूनच फोन लावला. “सर, नियम मागे घ्या.”

“मॅडम, फॉर्ममध्ये देणारा आणि घेणारा एवढंच आहे. तुमच्या आजींना कशात बसवू?”

“खाली ‘लोकसहभाग’ आहे, तिथे लिहा.” लोकसहभाग म्हणजे गावानंही आपला वाटा उचलणं. त्यासाठी तर आम्ही संस्थांच्या मागे हात धुऊन लागतो.

“अरे वा! मग रिपोर्ट छानच दिसेल.”

कांदे तेच, बरं का. धन्य आहे!

आजींना सांगितलं, तशा त्या डबा घेऊन बसल्या. शेवटचा घास खाल्ला, डबा घासला, त्यात दोन लिंबं टाकली.

“एक सुमनला. एक तुला. चौकशीला आलीस ना, फुकट नको.”

कंपनीत भेटवस्तू घ्यायला मनाई आहे. मी घेतलं.

माझा संशयी स्वभाव अजून गेलेला नाही. फक्त आता नव्या संस्थेत गेले की पहिला प्रश्न विचारते, “लोक तुम्हाला काय देतात?” कुणी ‘काहीच नाही’ म्हटलं, की मी चष्मा लावून नीट तपासायला बसते.