गल्लीवरची तार

गिरगावातल्या राजलक्ष्मीबाई शाळेत शिवण शिकवीत आणि घरी दूरदूरची रेडिओ स्टेशनं पकडीत. दिवस कलला की पूर्वेकडची स्टेशनं आधी जागी होत: कलकत्ता, ढाका, नशीब असलं तर रंगून. खरखरीतून निवेदकानं स्टेशनचं नाव घेतलं की बाई खूष, लगेच काटा पुढे. थोरले भाऊ मनमोहन वैतागत. "अगं, गाणं तरी पुरं होऊ दे! नाव ऐकून पोट भरतं का तुझं?"

एवढ्या लांबचं ऐकायचं तर एरियलची तार लांब हवी. बाईंची तार त्यांच्या गॅलरीपासून गल्ली ओलांडून समोरच्या नगीनदासांच्या गच्चीच्या कठड्यापर्यंत गेलेली. नगीनदासांचं सुयाबटणांचं दुकान होतं. तार त्यांनीच हौसेनं बांधून दिली होती.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. दगडफेक, गोळीबार, संचारबंदी. मुंबई आपली, हे बाईंनाही मनापासून वाटे. पण गल्लीतून घोषणा देत पोरं गेली की त्यांची नजर समोरच्या बंद खिडक्यांवर जाई.

"राजू, ती तार सोडवून आण," मनमोहन म्हणाले. "गुजराथ्याच्या घराला आपली तार. लोक काय म्हणतील?"

"बघू उद्या."

दुसऱ्या संध्याकाळी मुंबई केंद्राशिवाय काहीच लागेना. बाई गॅलरीत आल्या. तार तुटून खाली लोंबत होती. समोर दिवा नाही, आवाज नाही. त्यांनी कापली? एवढा राग आला आपला? की माणसंच... पुढचा विचार बाईंनी होऊच दिला नाही. पानावरून त्या तशाच उठल्या.

सकाळी दूधभाजीपुरती संचारबंदी सुटली, तशा त्या निघाल्या. भाऊ दारात आडवे झाले. "वेड लागलंय का?"

"दादा, बाजूला हो."

समोरच्या जिन्यात काचा पडल्या होत्या. दार वाजवलं, तर आत काहीतरी जड दाराशी सरकलं.

"मी राजलक्ष्मी! समोरची!"

बऱ्याच वेळानं फट उघडली. नगीनदासांची दाढी वाढलेली. मागे त्यांची बायको चंपाबेन बांधलेल्या ट्रंकेवर बसून होती.

"बेन, तार तुमी कापली?"

"मी? मला वाटलं, तुम्ही!"

दोघं गच्चीवर गेले. कठड्याशी तारेचं तुटकं टोक होतं आणि शेजारी मुठीएवढा दगड.

"मला वाटलं, बाईंनी पण तार सोडली," नगीनदास म्हणाले. "मग हितं कशाला ऱ्हायचं?"

"आता थांबाल ना?"

त्यांनी मान खाली घातली. "चंपा आखी रात थरथरत होती, बेन."

'काही होणार नाही' असं बाईंना म्हणवेना.

गाड्या सुरळीत झाल्यावर ती दोघं सुरतेला गेली. जाण्याआधी नगीनदासांनी तार पुन्हा बांधून दिली. होळीनंतर ते परतले, एकटेच. चंपाबेन मुंबईत राहायला पुन्हा आली नाही.

पुढची चार वर्षं, राज्य होईपर्यंत, मोर्चा निघाला की बाई शाळेतून आधी समोरचा जिना चढत, नगीनदासांना डोळ्यांनी बघत, मगच घरी जात. एकदा दाराला कुलूप दिसलं. बाई पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत, नगीनदास दुधाची लोटी घेऊन वर येईपर्यंत.