कातळावरची आसवं

आमची पहिली मुलगी अकरा महिन्यांची असताना गेली. मेंदूज्वर झाला होता. मी मिरजेत नर्स होते. ज्या वॉर्डात मी इतरांची मुलं सांभाळली, त्याच वॉर्डात चौथ्या दिवशी सकाळी तिचा हात माझ्या हातात गार पडला. डॉक्टरांनी करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. मला ते कळत होतं, म्हणून राग धरायला माणूसच उरला नाही. देव तेवढा उरला.

माझे वडील सांगलीजवळच्या एका खेड्यात चर्चचे उपदेशक होते. प्रार्थना झाल्याशिवाय आमच्या घरी ताटाला कोणी हात लावत नसे. अशा घरातली मी, पण मुलगी गेल्यावर माझी प्रार्थना आटली. चर्चमधली माणसं भेटायला येत, देवाची इच्छा म्हणत, थोडा वेळ बसून जात. ती माणसं प्रेमाचीच होती. मला मात्र वाटे, ही कसली इच्छा? रविवारी मी नवऱ्याबरोबर चर्चमध्ये जायचे ते तो एकटा बसलेला बघवला नसता म्हणून. गीतांचं पुस्तक उघडं असायचं, ओठ मिटलेले. त्याला ते दिसत होतं, पण तो कधी बोलला नाही. रेल्वेतली ड्युटी करून यायचा, जेवायचा, अंगणात बसून राहायचा. आम्ही दोघं मिळून एकदाही रडलो नव्हतो.

पुढं सातारा जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात नर्सची जागा निघाली आणि मी अर्ज केला. खरं सांगायचं तर मला त्या वॉर्डापासून लांब जायचं होतं. नवरा मिरजेतच राहिला. पंधरा दिवसांनी एकदा एसटीनं यायचा. सत्तर सालानंतरची ती वर्षं. देवीच्या रोगाविरुद्ध मोहीम जोरात होती आणि वाड्यावस्त्यांवर जाऊन मुलांना देवी काढणं, म्हणजे देवीची लस टोचणं, हे माझं मुख्य काम झालं.

भाद्रपदात कासच्या पठारापलीकडच्या एका वस्तीवर जायचं होतं. तेव्हा त्या पठारावर बघायला म्हणून कोणी येत नसे. गाडीरस्ता संपला की पुढं पायवाट. वाट दाखवायला गावची म्हातारी सुईण बरोबर निघाली. धुकं इतकं होतं, की चार पावलांपुढं तिचं लुगडंही दिसेना. चालता चालता तिनं विचारलं,

"बाई, मालक हायती न्हवं?"

"आहेत की. मिरजेला असतात."

"मग कपाळ आसं मोकळं का वं?"

"आम्ही ख्रिस्ती आहोत, मावशी."

"आस्सं व्हय. आन् ल्येकरू?"

"एक मुलगी होती. गेली."

ती थांबली नाही, वळलीही नाही. तशीच पुढं जात म्हणाली, "माजी दोन गेली. धाकटं बोलाय लागलं हुतं."

मग वारा सुटला आणि धुकं उचललं. मी जागीच उभी राहिले. काळा कातळ, त्याच्यावर बोटभरसुद्धा माती नाही, आणि नजर पोचेल तिथवर निळीजांभळी फुलं. मटाराच्या दाण्याएवढी. कातळावरून पाणी पाझरत होतं, त्यात ती उभी होती. मी खाली बसले. एकेका फुलाच्या मधोमध पांढरा ठिपका होता आणि पाकळीवर केसासारख्या रेघा.

"ही कसली फुलं, मावशी?"

"ह्यास्नी सीतेची आसवं म्हनत्यात."

"किती दिवस राहतात?"

"ऱ्हात्यात थोडं दिस. पानी आटलं की गेली."

माझ्या मनात इतके दिवस एक गोष्ट खुपत होती, ती कोणाला सांगितली नव्हती. मला वाटत होतं, अकरा महिने म्हणजे काहीच नाही. अर्धवट आयुष्य. सुरू होण्याआधीच मोडलेलं. आणि इथं हे चिमूटभर फूल थोड्या दिवसांसाठी, कोणी बघायला नसताना, रेघ न रेघ पुरी करून कुणीतरी घडवलेलं होतं. ते अर्धवट नव्हतं. माझी लेकही अर्धवट नव्हती. ज्यानं एवढी निगा राखून तिला केलं, तो तिला सहज टाकून देणारा नसेल.

आणि ते नाव, आसवं. लहानपणापासून मी ऐकत आले होते, की येशू आपल्या मित्राच्या कबरीपाशी रडला. मुलीच्या आजारापासून मी देवाला न्यायाधीशासारखा उंच बसलेला पाहत होते. त्या कातळावर पहिल्यांदा वाटलं, की तो त्या वॉर्डात खाटेच्या अलीकडं, माझ्या बाजूला उभा असेल. तोही रडत असेल.

मला हुंदका आवरेना. म्हातारी जवळ आली, डोक्यावर हात ठेवला आणि पलीकडं तोंड करून बसली. "रडा. हितं कोन बगत न्हाई," एवढंच बोलली. बऱ्याच वेळानं तिनंच उठवलं, "चला बाई, पोरं खोळांबल्याती." वस्तीवर पोचलो आणि दुपारपर्यंत मी मुलांना देवी काढत होते.

नवरा पुढच्या खेपेला आला तेव्हा मी त्याला पठारावर नेलं. निळी फुलं ओसरली होती, सोनकीच्या फुलांनी सगळीकडं पिवळं केलं होतं. तो खाली वाकला, एका फुलाला हळूच बोट लावलं. मग म्हणाला, "तिला दाखवायला पाहिजे होतं गं."

ती गेल्यापासून तिच्याविषयी तो पहिल्यांदाच बोलला होता. मी त्याचा हात धरला. आम्ही दोघं तिथं बसून रडलो. थोड्या वेळानं त्यानं हलक्या आवाजात तिच्या नावानं प्रार्थना केली आणि शेवटी आमेन म्हणताना माझाही आवाज निघाला.

दोन वर्षांनी माझी बदली सांगलीकडं झाली. तिथं आम्हाला दुसरी मुलगी झाली. पहिलीची जागा तिनं भरली असं कोणी म्हटलं तर मी ते मानत नाही. पहिलीची जागा पहिलीचीच आहे. ती का गेली, हे मला आजही उमगलेलं नाही. पण ती मला देवाघरी भेटेल, हे मी आता धरून चालते. एखाद्या दूरगावी दिलेल्या लेकीची वाट बघावी, तशी शांतपणे.