सुई उडणारी तबकडी

देवाजी मेश्राम यांचं नंदनवन वस्तीत रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं. तबकड्याही ते विकत. १९७६ साली खापरखेड्याच्या शिक्षिका कौशल्याबाई त्यांच्याकडूनच घेतलेली एक तबकडी घेऊन तिसऱ्यांदा दुकानात आल्या. घरी दुसऱ्या गाण्यात सुई उडायची आणि दुकानात तीच तबकडी सुरळीत वाजायची.

"मीच खोटी पडून राहिली, भाऊ," त्या म्हणाल्या.

रविवारी देवाजी बसने त्यांच्या घरी गेले. कौशल्याबाईंच्या सासू, भीमाबाई, खाटेवर बसल्या होत्या. त्यांची नजर गेली होती, दिवसभर गाण्यांचीच सोबत. तबकडी लावली आणि दुसऱ्या गाण्यात सुई उडालीच. घरातल्या बाकी तबकड्या मात्र नीट वाजल्या.

"मशीन चांगलं आहे," देवाजी म्हणाले. "याचा सुईचा दांडा हलका आहे, अन् या तबकडीची खाच उथळ. माझ्या दुकानातला दांडा जड, म्हणून तिथं मले कळलं नाही."

"मंग दांड्यावर वजन ठेवू काय?" भीमाबाईंनी विचारलं.

"नका ठेवू, माय. बाकीच्या झिजतील."

परतल्यावर त्यांनी हलक्या दांड्याचा प्लेअर मागून आणला आणि दुकानातली त्या गाण्यांची प्रत्येक तबकडी ऐकली. सात खराब निघाल्या. चांगल्यांतली एक ते स्वतः भीमाबाईंना देऊन आले.

हीच तक्रार घेऊन आलेल्या आणखी दोघांना त्यांनी पूर्वी मशीन बदलायला सांगितलं होतं. देवाजी त्यांच्याही घरी गेले. "तुमचं मशीन चांगलं होतं," ते म्हणाले, "चूक माझी होती."