उसाच्या पानांवरचं मीठ

आधीच सांगून टाकते — असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. या सदरातले अनुभव मी वाचते, पण चहात बटर बुडवून खावं तसे... वेळ जायला. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात आलं तेव्हा सगळे तिच्या पाया पडत होते आणि मी घरातून थर्मामीटर आणायला पळाले होते. (ताप निघाला.) तेव्हा पुढचं वाचून "ही पण त्यातलीच" असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मी जे चाखलं ते चाखलं.

माझं माहेर उंब्रज, सासर आष्टा. शेतकी कॉलेजात शिकले, आता घराशेजारी उसाची रोपवाटिका चालवते. घरात मी आणि माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. लेह बघितलं, जैसलमेर बघितलं, आसाम बघितलं. बघितला नाही तो फक्त समुद्र. आणि नेमका त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा विलास, नेव्हीत गेला. तेही आबांनी पचवलं. पण नोकरी संपली की विलास ऊस बघायला घरी येणार असं ते धरून चालले होते, आणि विलासने मालवणला रमाकांत नावाच्या मित्राबरोबर भागीत बोट घेतली. पर्यटकांना बसवायचं, बेटं आणि डॉल्फिन दाखवून आणायचं. सीझनभर तो तिकडे, पावसाळ्यात इकडे.

आबा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं... त्यांनी तो विषयच बंद करून टाकला. बाप-लेक फोनवर बोलायचे ते पाऊसपाणी, कारखान्याची ऊसतोड आणि गुडघेदुखी. बोट हा शब्द आबांच्या तोंडून कधी निघाला नाही. गावात कुणी विचारलं तर "हाय तिकडं कोकणात" एवढंच, जशी काही मुलाला शिक्षाच झालीय.

मी मात्र मनाने अर्धी त्या बोटीत बसलेली असायची. रोज सकाळी पहिल्या चहाबरोबर मोबाईलवर समुद्राचा हवामान अंदाज उघडायचा आणि तो मोठ्याने वाचून विलासला व्हॉइस मेसेज करायचा. वारा कुठल्या दिशेचा, किती नॉट, लाटा किती उंच, बोटींना इशारा आहे की नाही. आता हाच अंदाज त्याच्याही मोबाईलवर असतो हो! पण त्याला तो माझ्या आवाजात ऐकायचा असतो, आणि नवऱ्याचे एवढे लाड मी चालवून घेते. उसाच्या पट्ट्यात बसून "समुद्र किंचित खवळलेला" असं ओरडणारी बाई म्हणून नातेवाइकांनी माझं नाव 'वेधशाळा' ठेवलंय. मी वाचत असताना आबा समोर पेपर धरून बसलेले असायचे. माझं वाचून होईपर्यंत पान काही उलटायचं नाही.

ही गोष्ट नोव्हेंबरातल्या एका सकाळची. अंदाज अगदी चोख होता — ईशान्येचा हलका वारा, लाटा मीटरच्या आत, इशारा कसलाच नाही. मी वाचून दाखवला, शेवटी "जा बिनधास्त" असं माझ्या पदरचं जोडलं आणि रोपांना पाणी द्यायला उठले.

तेवढ्यात आबा रानातून परत आले. तोड जवळ आली की आमच्याकडची जुनी माणसं सकाळी सकाळी रानात जाऊन आपलाच ऊस मोडतात, दातांनी सोलतात आणि खाऊन बघतात. साखरेचा उतारा मोजायला कारखान्याची माणसं येऊन जातात, तरी यांचा भरवसा स्वतःच्या दातांवर. आबा त्यासाठीच गेले होते. परतले ते हातात उसाचं एक पान घेऊन, आणि चेहरा असा की मला वाटलं, भावकीतलं कुणीतरी गेलं.

"पोरी, हे जरा चाटून बग."

चाटलं. खारट.

"रानात मीठ फुटलं," आबा खाटेवर बसत म्हणाले. "गेली आपली जमीन."

आमच्या भागात याचा अर्थ काय ते सांगायला हवं. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून पाजून नदीकाठच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. वर पांढरा थर येतो आणि मग तिथे वेड्या बाभळीशिवाय काही उगवत नाही. आमच्या माणसांना साप चालेल, बिबट्या चालेल, पण ते पांढरं नको. त्यामुळे जिभेला मीठ लागलं की आम्ही खाली बघतो. दुसरीकडचा माणूस असता तर त्याने पान ओलं आहे म्हणून निदान एकदा वर तरी बघितलं असतं.

मीही खालीच बघितलं. पाण्यातला क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र रोपवाटिकेत असतंच, ते घेतलं, आबांना स्कूटीवर मागे बसवलं आणि रान गाठलं. विहिरीचं पाणी मोजलं — नेहमीसारखं गोडं. माती पाण्यात कालवून मोजली — ठणठणीत. मग पानांवरचं दव वाटीत झटकून घेतलं आणि मोजलं... आकडा असा काही उडाला की मी यंत्र धुऊन पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. ऊस मोडून खाल्ला तर गुळासारखा. म्हणजे मीठ जमिनीतून आलेलं नव्हतं, वरून पडलं होतं.

मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. माझ्या चष्म्यावर काहीतरी चिकट बसत होतं, ओढणीने पुसलं की फराटे उठत होते. हे मला अनोळखी नव्हतं. नेव्हीच्या क्वार्टरमध्ये मी वर्षानुवर्षं खिडक्या पुसल्यात, खारा वारा काचेवर कसा बसतो ते मला कुणी शिकवायला नको. वासही तोच, जेट्टीवरचा... ओले दोरखंड, डिझेल आणि मासळी. नोव्हेंबरात आमच्याकडे वारा पूर्वेचा असतो. पण आमच्या उसाचे तुरे पूर्वेकडे वाकलेले, म्हणजे वारा पश्चिमेकडून येत होता, आणि चांगला जोराचा. आणि खरं सांगते — बांधापलीकडच्या शेजाऱ्यांचे तुरे पश्चिमेकडे वाकले होते, अगदी रोजच्यासारखे, संथ. मी बांध ओलांडून त्यांच्या उसाची पानं चाटली. साधं दव. परत येऊन आमची चाटली. मीठ. लोकांच्या रानात पानं चाटत फिरणारी बाई कुणी बघितली नाही, हे माझं नशीब.

जमीन शाबूत आहे एवढं आबांना कळलं होतं. पण ते बसले नाहीत. माझ्याकडे बघत उभे राहिले.

"मग हे आलं कुटनं?"

"समुद्रावरनं," मी म्हटलं. विचार करून नाही, तोंडातून निघून गेलं. आम्ही दोघांनी पश्चिमेकडे बघितलं. आभाळ निळंशार, ढगाचा मागमूस नाही. समुद्र तर घाटापलीकडे, गाडीने जायचं तर अर्धा दिवस मोडतो.

विलासला फोन लावला. बोट नुकतीच जेट्टीवरून सुटली होती. पुण्याचं एक कुटुंब, लातूरचं एक, त्यात लहान पोरं. मी म्हटलं परत या. तो हसला, म्हणाला, अगं तूच तर बिनधास्त जा म्हणालीस... आणि ते खरंच होतं. आता त्याला कारण काय देणार? माझ्या अंदाजात काही नाही, त्याच्या समोरच्या आभाळात काही नाही. "आपल्या उसावर मीठ पडलंय" असं मी शेवटी बोलले, आणि मागून रमाकांतचं खदखदून हसणं ऐकू आलं. थोड्या वेळात रेंज जाणार होती. मला रडू यायला लागलं. भीतीने म्हणा, रागाने म्हणा... इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते.

आबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"इलास, बोट माघारी फिरव."

पलीकडचं हसणं बंद झालं. बोट हा शब्द त्यालाही ऐकू आला असणार.

"आबा, काय झालंय? कारण तरी सांगा."

"कारण न्हाई माझ्याकडं. बाप म्हणून सांगत न्हाई, सुभेदार म्हणून सांगतुय. फिरव."

आणि माझा नवरा, जो घरात मीठ द्या म्हटलं तरी तीन प्रश्न विचारतो, तो म्हणाला, "जी साब." चेष्टेने नाही म्हणाला.

बोट फिरवतानाच त्याने वायरलेसवर बाकीच्या बोटींनाही सांगितलं की मी परत चाललोय, तुम्हीही या. कारण विचारलं तर म्हणाला, घरून हुकूम आहे. हे सगळं मला नंतर रमाकांतने सांगितलं. लोकांनी शिव्या घातल्या, गिऱ्हाइकं कुरकुरली. पण नेव्हीतला माणूस उगाच फिरणार नाही, असं म्हणत एकेक बोट मागे वळली.

इकडे आम्ही बांधावर. फोन लागत नव्हता. आबा खाली बसून बांधावरचं गवत उपटत होते, उपटून झालेल्या जागीही बोटं चालवत होते. आणि मग आमच्या उसाची सळसळ हळूहळू मंदावली. तुरे सरळ झाले, जरा वेळ तसेच राहिले आणि पश्चिमेकडे वाकले. वास गेला. तेवढ्यात फोन वाजला.

विलास ओरडूनच बोलत होता, कारण त्याच्या भोवती सगळेच ओरडत होते. शेवटची बोट बांधून होते ना होते तोच बेटाच्या मागून काळी पट्टी उठली आणि वादळी वारा आला. जेट्टीवरच्या टपरीचे पत्रे उडाले, बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटल्या, बोटीपलीकडचं दिसेना. जसा आला तसा थोड्या वेळात गेलाही. रमाकांतने फोन घेतला, मघाशी खदखदून हसणाऱ्या त्याच रमाकांतने.

"वैनी, आमी भायर असतंव तर कोण परत येवक नसतो. आबांका माजो नमस्कार सांगा."

मी स्पीकर चालू केला होता. आबांनी नमस्कार घेतला नाही. विचारलं, "बोटीत मान्सं किती व्हती?" विलास म्हणाला, सगळी आहेत, आबा. ते आबांना पुरलं नाही. "तू सांगू नगंस. हजेरी घे. एकेकाला बोलू दे, मला आयकायचंय."

आणि मालवणच्या जेट्टीवर, भिजलेल्या, घाबरलेल्या माणसांनी आष्ट्याच्या एका म्हाताऱ्याला फोनवर एकेक करून आपली नावं सांगितली. पुण्याच्या आजोबांनी सांगितलं. लातूरच्या बाईंनी सांगितलं आणि मग त्या रडायलाच लागल्या. प्रत्येक नावाला आबा "बरं" म्हणत होते आणि हाताचं एक बोट मुडपत होते. शेवटी एका छोट्या मुलीने नाव सांगितलं आणि विचारलं, तुम्ही कोण बोलताय? आबांनी मुडपलेली बोटं उघडली.

"मी व्हय? ह्या बोटवाल्याचा बाप."

तिकडे एकदम टाळ्या पडल्या. इकडे आबांनी फोन माझ्याकडे दिला, पाठ फिरवली आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. मी उसात उभी राहून शिट्टी मारली. होय, मला शिट्टी मारता येते, उंब्रजची आहे मी.

पुढच्या आठवड्यात मालवणची माणसं टेम्पो करून आली. बर्फाच्या पेटीत सुरमई, हातात नारळ, पुढे रमाकांत. आबांनी डोक्याला कोशा पटका बांधला होता. अख्खी गल्ली सुरमई जेवली, आणि ज्यांनी मला वेधशाळा नाव ठेवलं होतं त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

आता स्पष्टीकरण. वादळाचं मिळालं. असे छोटे, अचानक उठणारे वारे अंदाजात येतीलच असं नाही, ते मला मान्य आहे, अंदाजाला मी दोष देत नाही. मिठाचं मात्र मिळत नाही. खारा वारा सह्याद्री ओलांडून येईल कसा? आला तर वादळाच्या आधी कसा? आणि तालुक्यातली सगळी रानं सोडून एकाच बांधाच्या आत कसा? वाटीतलं दव बाटलीत भरून एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे नेलं होतं. त्यांनी तपासलं, म्हणाले समुद्राचं पाणी दिसतंय, मालवणहून आणलं का? मी हो म्हणून चहा पिऊन परत आले. काय सांगणार होते त्यांना?

मी अजूनही देवाला नवस बोलत नाही आणि अंगात आलेल्यांना थर्मामीटरच लावते. कारण विचारलंत तर माझ्याकडे नाही. अंदाज रोज सकाळी मीच वाचते, पण व्हॉइस मेसेजचं बटण आता आबा दाबतात. नॉट, मीटर, दिशा सगळं माझं सांगून झालं की ते फोनजवळ वाकतात आणि रोज तेच विचारतात, "इलास, बोट कशी हाय?"